संजय गांधी निराधारचा अर्ज का रेंगाळतो आणि तो कुठे धरायचा

प्रश्न असा आला आहे: "भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत थोडं बौद्धिक दिव्यांगत्व. वय २६. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज सेतूतून देऊन नऊ महिने झाले. तहसीलमध्ये विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच सांगतात. नेमकं कुठे अडलंय आणि आम्ही काय करायचं?"

'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर कानाआड करा. पहिला प्रश्न एकच विचारायचा: फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे? सेतूतून कागद निघाला की तो तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत आवक होतो, मग छाननी, मग तलाठ्याचा चौकशी अहवाल (आता पद 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात), मग तालुका समितीची बैठक, मंजुरी आदेश, डीबीटी पोर्टलवर (पैसे थेट खात्यात जमा करणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर) नोंद आणि शेवटी बँक. सात-आठ हात लागतात. प्रत्येक ठिकाणी अडकायचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. आवक क्रमांक आणि तारीख लिहिलेली पोहोच तुमच्याकडे नसेल तर आधी ती मिळवा. सेतूची पावती म्हणजे पोहोच नव्हे. सेतूत पैसे भरलेत पण शाखेच्या आवक रजिस्टरला नावच नाही, असं निघतं तेव्हा नऊ महिन्यांतले सगळे हेलपाटे वाया गेलेले असतात.

घाई कशासाठी, तर लाभ मंजुरीनंतर सुरू होतो, अर्जाच्या तारखेपासून नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिना २,५०० रुपये आहेत, इतरांना १,५००. उशिराचा प्रत्येक महिना म्हणजे बुडालेले अडीच हजार, ते नंतर कोणी भरून देत नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक कागद ज्या क्रमाने मागितले जातात त्या क्रमाने गोळा करतात: आधी दिव्यांग प्रमाणपत्र, मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आणि शेवटी 'पासबुकाची झेरॉक्स जोडा' म्हणून बँक. पण सगळ्यात उशिरा उघडी पडणारी चूक बँकेतच असते. मंजुरी झाली, यादीत नाव आलं, आणि पैसे फिरून परत गेले, हे कळायला आणखी दोन-तीन महिने जातात. म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करा. बँक आधी.

डिसेंबर २०२४ च्या सुमारास या योजनांचं वाटप राज्याच्या डीबीटी पोर्टलवर गेलं. त्याआधी तहसील कार्यालय बँकेला खातेक्रमांकांची यादी देत असे. आता पैसे आधार क्रमांकावर सुटतात, आणि कोणत्या बँकेत जायचं ते एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीवरून ठरतं. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय. 'आधार खात्याला लिंक आहे' असं बँकेतला माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की केवायसीत आधार घेतलंय. डीबीटीसाठी लागतं ते आधार सीडिंग, म्हणजे एनपीसीआयच्या यादीत या आधारासमोर या बँकेचं नाव असणं. त्यासाठी बँकेच्या शाखेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. तिथे बँकेचं नाव, 'अ‍ॅक्टिव्ह' हा शेरा आणि तारीख दिसली पाहिजे. त्याचा स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडा. कोणी मागत नाही, पण छाननीत उपयोगी पडतो.

एका आधाराला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, शेवटी सीड केलेली. भावाच्या नावाने कोणी शिबिरात झिरो बॅलन्सचं खातं उघडलं असेल, किंवा सिमकार्ड घेताना अंगठा लावल्यावर पेमेंट बँकेचं खातं तयार झालं असेल, तर पैसे तिकडे जातात. तुम्ही जिल्हा बँकेच्या पासबुकात एंट्री मारत बसता आणि रक्कम भलत्याच खात्यात साठत असते. ही 'न आलेली' रक्कम अनेकदा आलेलीच असते. दुसरं, दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं. त्यात शंभर रुपये भरून, केवायसी ताजी करून ते अर्ज देण्याआधीच चालू करून घ्या.

तुमच्या भावाच्या बाबतीत बँकेचा आणखी एक फाटा आहे. वय १८ च्या पुढे आणि बौद्धिक दिव्यांगत्व, म्हणजे काही शाखा 'पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा' म्हणून खातंच उघडत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व (आता ज्याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात) आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते, आणि तिचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. आई-वडील हयात असले तरी १८ नंतर ते आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट घरच्यांना बँकेच्या काउंटरवरच पहिल्यांदा कळते. या समितीच्या बैठका दर महिन्याला होतातच असं नाही. त्यामुळे हा अर्ज संजय गांधीच्या अर्जाच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी टाका. भाऊ सही करू शकत असेल, व्यवहार म्हणजे काय ते त्याला कळत असेल, तर पालकत्वाशिवाय त्याच्या स्वतःच्या नावे खातं उघडण्याचा आग्रह धरा. संयुक्त खातं काढायचं झालं तर पहिलं नाव भावाचं आणि सीडिंग भावाच्या आधाराचं. आईचं आधार सीड झालेल्या खात्यात भावाचं अनुदान उतरत नाही.

दुसऱ्या क्रमांकाला नावं. आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), बँक आणि उत्पन्नाचा दाखला, चारही ठिकाणी नाव अक्षरन्‌अक्षर सारखं हवं. मराठी नावांचा घोळ रोमन लिपीत होतो. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी-एन' ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'जी-वाय' ने. लहानू, सोपान, विठाबाई यांची तीन-तीन स्पेलिंगं सापडतात. बायकांच्या बाबतीत आधारावर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. जन्मतारखेचंही तसंच. दाखला नसलेल्यांच्या आधारावर १ जानेवारी ही तारीख टाकलेली असते आणि यूडीआयडीवर रुग्णालयाने दुसरीच घातलेली. कोणता कागद बदलायचा? आधार बरोबर असेल तर बाकीचे आधाराप्रमाणे करून घ्या, कारण पडताळणी आधाराशी होते. आधारच चुकीचं असेल तर ते आधी दुरुस्त करा आणि दुरुस्ती दिसू लागेपर्यंत पुढचा एकही दाखला काढू नका. नाहीतर प्रत्येक नव्या कागदावर जुनी चूक छापून येते. सेरेब्रल पाल्सीत बोटं आखडलेली असली तर ठसे उमटत नाहीत. आधार केंद्रावर 'बायोमेट्रिक अपवाद' नोंदवण्याची सोय आहे, तिचा उल्लेख स्वतःहून करा. लहानपणी आधार काढलं आणि १५ व्या वर्षानंतरचं सक्तीचं बायोमेट्रिक अद्ययावत करणं राहून गेलं असेल तर तेही आत्ताच तपासा.

आता यूडीआयडी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि राज्याच्या या योजनेला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. २०२४ च्या दुरुस्त नियमांनी कार्डाला रंग आले: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या मधलं पिवळं, ८० आणि वर निळं. त्याच नियमांत दोन मुदती आहेत. प्रमाणपत्र देण्यासाठी रुग्णालयाला तीन महिने (२०१७ च्या नियमात एक महिना होता). आणि दोन वर्षांहून जास्त काळ निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होऊन नव्याने करावा लागतो. पोर्टलवर एकदा अर्ज करून बोलावणं येईल म्हणून वाट बघत बसलेले लोक या दुसऱ्या मुदतीत सापडतात.

पोर्टलवर अर्ज करताना रुग्णालय निवडायचं असतं. इथे चूक झाली तर अर्ज दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन पडतो आणि तिकडे विचारणारं कोणी नसतं. बोर्डाचा (टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा) वार ठरलेला असतो, तो आणि त्या दिवशी कोणते तज्ज्ञ बसतात ते आधी फोनवर विचारा. मोठा वेळ जातो तो चाचण्यांमध्ये. बौद्धिक दिव्यांगत्वाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची बुद्ध्यांक चाचणी लागते. कानासाठी ऑडिओमेट्री, आणि लहान मूल असेल किंवा उत्तरांचा भरवसा नसेल तर बेरा (रुग्णाच्या उत्तरावर न विसंबता यंत्राने घेतलेली ऐकण्याची चाचणी). सिकलसेल, थॅलेसेमियाला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचणीचा रिपोर्ट. या सोयी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नसतात, मग 'वैद्यकीय महाविद्यालयातून करून आणा' असं सांगतात. ते रिपोर्ट आधीच हातात असतील तर बोर्डाची एक फेरी वाचते. पक्षाघाताच्या रुग्णाला साधारण सहा महिने होईपर्यंत टक्केवारी देत नाहीत, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात व्हीलचेअरवर बसवून नेण्यात अर्थ नाही.

टक्केवारीबद्दल थोडं, कारण यावरून भांडणं होतात. दोन प्रकारची दिव्यांगत्वं असली की आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. सूत्र आहे: मोठा आकडा अ, लहान ब, एकूण म्हणजे अ + ब × (९० − अ) ÷ ९०. भावाला चालण्यापुरतं २५ टक्के आणि बौद्धिक २० टक्के दिलं तर लोकांना ४५ वाटतं, पण हिशेब २५ + २० × ६५ ÷ ९० म्हणजे ३९.४ येतो. अर्धा-पाऊण टक्क्याने योजना हुकते. त्यामुळे बोर्डासमोर दोन्ही गोष्टी, झटके येत असतील किंवा बोलण्यात अडचण असेल तर तीही, कागदपत्रांसह मांडायची. 'पाय दाखवा' म्हटलं की पाय दाखवून परत यायचं नाही. निकाल मान्य नसेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. जुनं एसएडीएम (राज्याची दिव्यांग प्रमाणपत्रांची आधीची संगणक प्रणाली) मधलं किंवा हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते यूडीआयडीत उतरवून घ्या, डीबीटी पोर्टलला यूडीआयडी क्रमांक लागतो. ज्यांचं नाव आधीपासून निराधार किंवा विधवा प्रवर्गात आहे पण जे दिव्यांगही आहेत, त्यांच्या नोंदीत हा क्रमांक चढलेला नसेल तर जुनेच १,५०० येत राहतात. त्यासाठी संगांयो शाखेत साधा अर्ज आणि कार्डाची प्रत पुरते.

उत्पन्नाचा दाखला सोपा वाटतो आणि तिथेच छाननीत सगळ्यात जास्त अर्ज मागे पडतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतर निराधारांसाठी २१,०००. पुष्कळ सेतूचालकांच्या डोक्यात अजून २१,००० च आहे. 'तुम्ही बसत नाही' असं सांगून ते परत पाठवतात, किंवा घाईत गोल आकडा टाकतात. उलटही घडतं. घरातल्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी गेल्या वर्षी ८०,००० चा दाखला काढलेला असतो आणि आता ४८,००० चा मागितला जातो. दोन्ही नोंदी एकाच तहसीलच्या संगणकात असतात. फरक का पडला ते स्वयंघोषणापत्रात लिहा: मजुरी सुटली, कमावता माणूस वारला, जे खरं असेल ते. सातबाऱ्यावर भावाचं नाव वारसाने लागलेलं असेल तर आठ-अ चा उतारा सोबत द्या. बारा गुंठ्यांत सात नावं असताना पूर्ण बारा गुंठे त्याचे धरून कोणी अहवाल लिहू नये, एवढ्यासाठी.

या दाखल्याच्या तळाला वैधता छापलेली असते, ३१ मार्चपर्यंतची. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज दिला आणि समितीची बैठक एप्रिलमध्ये झाली की दाखला शिळा आणि अर्ज त्रुटीत. दाखला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढलेला बरा. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे सेतू तुंबलेले असतात. तुमच्या अर्जाला नऊ महिने झालेत, मध्ये ३१ मार्च गेला असेल तर दाखला संपला आहे असं धरून नवा काढा आणि पत्रासोबत शाखेत जमा करा. कोणी मागण्याची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अधिसूचित आहे, मुदत १५ दिवस. मुदत टळली तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, आणि ते 'आपले सरकार' वरून ऑनलाइन होतं. नुसतं अपील दाखल झालं की दाखला निघाला असंही होतं.

रहिवासाची अट १५ वर्षांची आहे. जन्मापासून महाराष्ट्रात असाल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड पुरतं. दुसऱ्या राज्यात काही वर्षं काढून परत आलेल्यांनी मात्र पुराव्यांची साखळी जुळवून ठेवावी.

तलाठ्याच्या अहवालावर फाइल अडली असेल तर आठवड्यातून कोणत्या दिवशी ते सजाच्या (त्यांच्याकडे असलेल्या गावांच्या) कार्यालयात असतात ते विचारून प्रत्यक्ष जा. अहवाल प्रलंबित राहतो तो बहुधा माणूस घरी भेटला नाही, पत्त्यावर वाडी-वस्तीचं नाव नाही किंवा फोन नंबर बंद, यामुळे. अर्जावर चालू असलेला नंबर आणि शेजारच्याचा दुसरा नंबर लिहा. पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे लागले की महिनाभर तलाठी दुसरं काही हातात घेऊ शकत नाहीत, हे गृहीत धरून त्याआधी काम उरकलेलं चांगलं.

समिती हा टप्पा मात्र तुमच्या हातात नाही. तालुका समितीत अशासकीय अध्यक्ष असतो आणि बैठक लागली तरच यादी मंजूर होते. समिती नेमलेलीच नसते, नेमली तर गणपूर्ती होत नाही, आणि आचारसंहितेत नव्या मंजुऱ्या थांबतात. चालू लाभ थांबत नाही, थांबतो असं कोणी सांगितलं तर ते खोटं. इथे करण्यासारखं एकच आहे: पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तुमचा अर्ज 'पात्र' यादीत आहे की 'त्रुटी' यादीत, ते बैठकीच्या आधी विचारून घेणं. त्रुटी यादीत असेल तर बैठकीनंतर पूर्तता करून उपयोग नाही, पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं.

तोंडी उत्तरांनी काही हलत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा, पण तक्रार म्हणून नको. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. मजकूर एवढाच: "माझा दि. … चा अर्ज, आवक क्र. …. यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, अर्ज ज्या ज्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे होता त्यांचं पदनाम आणि तारखा, आणि त्रुटी असल्यास त्यांची यादी द्यावी." 'उशीर का झाला' असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, आणि मग सगळ्याच अर्जाला त्रोटक उत्तर येतं. टिपणीची प्रत मागितली की फाइल शोधावी लागते, तेवढ्याने अर्धं काम होतं. उत्तराची मुदत ३० दिवस.

तहसीलमध्ये काम करणाऱ्यांसाठीही चार ओळी, कारण सगळा दोष अर्जदाराचा नसतो. सगळ्या त्रुटी एकाच चिठ्ठीवर, एकाच वेळी द्या. आज उत्पन्नाचा दाखला, पुढच्या महिन्यात नावाची दुरुस्ती, मग सीडिंग, असं एकेक सांगत गेलं की चार त्रुटींचे चार महिने होतात. हे सगळं पहिल्याच दिवशी दिसत असतं. आधार सीडिंगची स्थिती अर्ज घेतानाच बघितली तर मंजुरीनंतर परत फिरणारे पैसे कमी होतील. अर्ज सजावार गठ्ठ्यात तलाठ्याकडे पाठवले तर एका फेरीत दहा घरं होतात. आणि बैठकीची तारीख महिन्यातली ठरावीक असावी. यातल्या एकालाही शासन निर्णय लागत नाही.

भावाचं दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर अर्ज इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत वर्ग होतो. त्यात केंद्राचे ३०० रुपये असतात, उरलेली भर राज्य घालतं. हातात येणारी रक्कम बदलत नाही, पण निधी दोन शीर्षांतून येत असल्याने कधी एक हिस्सा आधी आणि दुसरा मागाहून जमा होतो. कमी रक्कम दिसली म्हणून लगेच तक्रार करू नका, महिनाभर थांबून पासबुक परत भरून घ्या. मंजुरीची वाट बघताना ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या ५ टक्के दिव्यांग निधीसाठी वेगळा अर्ज देऊन ठेवा, त्याचा या समितीशी संबंध नाही.

पैसे सुरू झाल्यावर दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक, दरवर्षीचा हयातीचा दाखला. तो राहिला की नाव यादीतून निघत नाही, पण अनुदान थांबतं आणि परत चालू करायला पुन्हा शाखेच्या फेऱ्या. दुसरी, यूडीआयडी कार्डावरची वैधता. भावाचं प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं ते आत्ताच उघडून बघा. तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, कारण रुग्णालयाला द्यायचे तीन महिने त्यातूनच जाणार आहेत.